उघड्या दाराचं कारण

मिर्ताने टेबलावरची कॉफीची भांडी बाजूला सरकवली आणि मोठा कागद पसरला. तो वाऱ्याने उडू लागला, तशी इलारियोंनी त्याच्या चार कोपऱ्यांवर चार सफरचंदं ठेवली. नोव्हेंबर होता आणि त्यांच्या घराचं पुढचं दार सताड उघडं होतं. मिर्ताने अंगातला कोट काढलाच नव्हता.

ती खाली त्रेंतो शहरातल्या विद्यापीठात संशोधन करायची. खोऱ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक यंत्रणा तयार होत होती. कुणी पडलं, गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं, तर घरच्यांच्या फोनवर निरोप जाणार होता. प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्याआधी कुणाला नेमकं काय हवंय याचा नकाशा काढायचा, हे मिर्ताचं काम. प्रत्येक माणसाचं एक वर्तुळ आणि त्यात त्याच्या इच्छा. एकाची इच्छा दुसऱ्याच्या इच्छेला मदत करते की आड येते, ते दाखवणारे बाण. माणूस काही म्हणाला की ‘का’ विचारायचं, आणि उत्तर आलं की पुन्हा ‘का’. तसं वर वर जात राहिलं की खरी इच्छा सापडते, असं ती विद्यार्थ्यांना शिकवत असे.

ब्याऐंशी वर्षांच्या इलारियोंच्या वर्तुळात लिहिलं होतं, दार उघडं राहावं. त्यांची मुलगी नीवेस हिच्या वर्तुळात, दार बंद राहावं.

नीवेसशी मिर्ता आधीच्या आठवड्यात बोलली होती, सफरचंदांच्या गोदामात, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. पहिल्या ‘का’ला उत्तर आलं थंडी. दुसऱ्याला, बाबांना गेल्या हिवाळ्यात दोनदा झालेला न्यूमोनिया. तिसऱ्याला नीवेसने काटा खाली ठेवला. सहा वर्षांपूर्वी तिची आई ब्रुना, जिला तेव्हा माणसं ओळखू येईनाशी झाली होती, त्याच दारातून बाहेर पडली. नदीपर्यंत माग लागला, पुढे नाही. त्या सकाळी नीवेस पाव द्यायला आली होती. निघताना दार ओढून घ्यायचं राहून गेलं.

“बाबांना हे माहीत नाही,” ती म्हणाली होती. “ते अजून आईची वाट बघतात, म्हणून उघडं ठेवतात. मी दर रविवारी जाते आणि ते दार बघते.”

एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही असा नियम होता. तशा कागदावर मिर्ताने दोघांनाही सही करून दिली होती.

आता तिने इलारियोंना विचारलं, दार उघडं का हवं? हवा येते, ते म्हणाले. हवा का हवी? ते हसले. चार वर्षांच्या पोरासारखं विचारतेस, म्हणाले. मिर्ताने जरा थांबून विचारलं, ब्रुनाबाई परत येतील म्हणून का?

“ब्रुना गेली गं पोरी. नदीने नेली तिला. मी म्हातारा झालोय, खुळा नाही.”

त्यांनी एक सफरचंद उचललं, पुसलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

“त्या दिवशी दार नीवेसकडून उघडं राहिलं. मी इथूनच बघत होतो. म्हटलं, एवढी कॉफी संपवतो आणि उठून लावतो. तिला वाटतं, मला ठाऊक नाही. म्हणून मी दार उघडं ठेवतो. ती येते तेव्हा तिला दिसावं, बाप उघड्या दाराशी बसून मजेत जेवतोय. दार उघडं राहणं हा काही गुन्हा नाही.”

तिला तसं सांगत का नाही, हा पुढचा ‘का’ मिर्ताने पेन्सिल खाली ठेवून विचारला.

“सांगितलं तर तिला कळेल की मला सहा वर्षं माहीत होतं. मग या घरात ती पाऊल कसं टाकेल?”

यातलं काही लिहू नकोस आणि कुणाला सांगूही नकोस, असं त्यांनी बजावलं. मग यंत्राबद्दल विचारलं. दार उघडं राहिलं की काय होतं? दहा मिनिटांनी नीवेसच्या फोनवर निरोप जातो, मिर्ता म्हणाली. दर वेळी? दर वेळी. निरोपात काय लिहिलेलं असतं?

“दार उघडं आहे. एवढंच.”

इलारियोंनी ते तीन शब्द स्वतःशी पुन्हा म्हटले. दाराचा भाग वगळता येईल, असं मिर्ताने सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मुलीने मागितलंय, नको म्हटलं तर ती कारण शोधत बसेल, म्हणाले. मग टेबलाचा आधार घेत उठले, दारापर्यंत गेले आणि ते लावून घेतलं. परत येऊन तिच्या हातातलं खोडरबर घेतलं आणि आपल्या वर्तुळातली ती ओळ स्वतः खोडली.

त्रेंतोला मिर्ताच्या सहकाऱ्यांना आनंद झाला. दोन इच्छांमधला विरोध पहिल्याच बैठकीत मिटल्याची नोंद झाली. डिसेंबरात यंत्र बसलं.

फेब्रुवारीत नीवेसचा फोन आला. दोन महिन्यांत दाराचा एकही निरोप आला नव्हता. आपण रविवारी गेलो तेव्हाही दार बंद होतं, आत ऊब होती, बाबांचा खोकलाही थांबलाय, असं ती सांगत राहिली. मिर्ता बरं, बरं म्हणत होती. मग नीवेसचा आवाज खाली आला.

“म्हणजे त्यांनाही शेवटी पटलं. आईचं दारामुळेच झालं ते.”

पलीकडे गोदामातल्या पेट्यांचा आवाज येत होता. आपली सुट्टी संपत आली, नीवेस म्हणाली.

“मी शनिवारी वर येते,” मिर्ता म्हणाली. “तुमच्याकडे.”

“अजून काही सह्या राहिल्यात का?”

“नाही,” मिर्ता म्हणाली.