तेयोची गुआगुआ

तेयोनं आपली जुनी गुआगुआ विकायला काढली, तिथूनच सगळं बिनसलं. आमच्या बानी गावात गुआगुआ म्हणजे बस. सोळा जणांची, दाटीवाटीनं तीस जणांची. हे बानीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण भाषा हीच असली तरी तिकडे लांब चिले देशात गुआगुआ म्हणजे तान्हं बाळ, हे आमच्याकडं कुणाच्या बापाला ठाऊक असणार?

येत्या रविवारी चालक संघटनेच्या अध्यक्षाची निवड होती. उमेदवार एकटा तेयो. त्याचे वडील पूर्वी अध्यक्ष होते. त्यांची तसबीर कचेरीत होती आणि तिच्या शेजारचा रिकामा खिळा तेयो अकरा वर्षं बघत आला होता. तेयो धरून चालक सतरा, चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहायचं, एवढंच काय ते. त्याच्या बायकोनं, नूरीसनं, पांढरा सदरा आधीच इस्त्री करून ठेवला होता.

सोमवारी त्यानं फोनवर जाहिरात टाकली: "घरची जपलेली गुआगुआ द्यायची आहे. थोडी खोकते, बसल्या जागी गळते, पण मागून ढकललं की चालते. हवं तर भाग सुटे करूनही देईन." गाडीचा रंग पार उडालेला, म्हणून फोटो स्वतःचा टाकला. टोपी घातलेला, हसरा.

झालं. चिलेतल्या कुणा बाईनं ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नराधमा, असं तिनं खाली लिहिलं. त्या मेल्या फोनला गाडी कळत नाही नि बाळ कळत नाही. लोक कशावर तुटून पडतात तेवढं मात्र बरोबर कळतं, आणि तेच तो आणखी चार जणांच्या नाकासमोर नेऊन धरतो. बुधवारपर्यंत बारा लाख लोक तेयोला शिव्या घालत होते. बिचाऱ्यानं खुलासा लिहिला, की बाबांनो, ही बस आहे. तो सात वेळा पाहिला गेला, त्यातल्या तीन वेळा नूरीसनंच.

थांब्यावर बदामाच्या झाडाखाली बाकीचे चालक आधी पोट धरून हसले. पण आपली पाळी येईपर्यंत तिथं फोन बघण्यावाचून दुसरं काम काय? गुरुवारी हसणं कमी झालं. शुक्रवारी तेयो आला की गप्पा थांबायला लागल्या. राजधानीतून मेहुणीनं फोन करून नूरीसला फैलावर घेतलं, की तुला मूल झालं नि सख्ख्या बहिणीला कळवलंही नाहीस. शेवटी चेलोनं विषय काढला. हा चेलो स्वतः चालक होण्याआधी तेयोच्याच गाडीवर पैसे गोळा करायचा.

"तेयो, मी काही म्हणत नाही. पण एवढी माणसं उगीच बोलतील का?"

"अरे गाढवा, त्या गुआगुआच्या दारात सहा वर्षं लटकलास ना तू?"

"लटकलो की. पण तुझ्या घरात काय होतं, ते मला कुठं माहीत?"

शनिवारी लोकांना उत्तरं द्यायची म्हणून तेयो फोन घेऊन बसला. फोनला वाटलं, गड्याला हे आवडतंय. तो तेच तेच समोर वाढत गेला. एका बाईनं त्या बाळाचं चित्र काढलं होतं, दुसरीनं त्याचं नाव ठेवलं होतं, एक बाप्या त्याच्यासाठी मेणबत्ती लावून हमसून हमसून रडत होता. दुपारचा भात निवून गेला. नूरीस ताट उचलायला आली, तर याचे डोळे भरलेले.

"पुढं काय झालं असेल गं तिचं?"

"कुणाचं?"

"त्या लेकराचं."

नूरीसनं फोन हिसकावून घेतला आणि तांदळाच्या डब्यात कोंबला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रविवारी पांढरा सदरा घालून तेयो कचेरीत सगळ्यांत पुढे बसला. चिठ्ठ्या उघडायचं काम चेलोकडं होतं. नाही. नाही. नाही. सोळावीही तशीच निघाली, तेव्हा चेलोला स्वतःचीच लाज वाटली. निदान एक तरी हो असणार, तेयोचं स्वतःचं, म्हणून त्यानं सतरावी मोठ्यानं वाचायला घेतली, आणि तो थांबला.

"तेयो, हे तर तुझं अक्षर."

तेयोनं एकदा खिळ्याकडं पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय करू चेलो," तो म्हणाला, "एवढी माणसं उगीच बोलतील का?"