पाचही जोड माझेच

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्या दुपारी माझ्या पिशवीत तिचाच डावा बूट होता. घालून बघायला नेला होता. घरी जाताना नवे घालीन, म्हणाली होती.

महिन्याभराने दुकान उघडलं. आधी मापं बायकोच घ्यायची, कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि आकडे ओरडून सांगायची. मी कातडं कापायचो. तिने गिऱ्हाइकांची यादी केली होती. नावावर दोनदा टिचकी मारली की दुसरी खिडकी उघडून त्याची मापं दिसायची. तिथे नाव नसायचं, नुसती मापं. यादीत प्रत्येक नावाआधी एक आकडा होता. मला तो उगाचच वाटला. आपल्याकडे काय कैदी येतात? मी तो रकाना काढून टाकला. मशीनने काहीतरी विचारलं, मी 'हो' दाबलं.

मग झपाटल्यासारखा बसलो. पंधरा दिवसांत पाच जोड. सगळे सारखेच दिसत होते. म्हटलं, चला, हात बसला.

बुधवारी सगळे न्यायला आले. पोस्टमनने दोन पावलं टाकली. पाय पुढे गेले, बूट जागेवरच राहिले. शेजारच्या न्हाव्याची टाच आत जाईना.

"बूट आहे की उंदराचा सापळा?"

नाच शिकवणाऱ्या बाईंनी आपले बूट वर धरले. "यात मी नाचू की हे वल्हवू?"

पाचही जणांनी आपापसांत बदलून पाहिले. तेच. एका पायावर उड्या मारत सगळे दुकानभर फिरले.

"तूच घालून बघ," न्हावी म्हणाला.

घातले. पाचही जोड चपखल.

बाई निघताना म्हणाल्या, "शनिवारी कार्यक्रम आहे. तोवर जमलं नाही तर मला दुसरीकडे जावं लागेल. रागावू नका." वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिनेच जोडलेलं.

मी मेहुणीला बोलावलं. ती ऑफिसात कॉम्प्युटरवर याद्यांचंच काम करते.

"भाऊजी, कुठलंही नाव दाबा, पहिलीच नोंद उघडतेय. ही कोणाची?" तिने पान खाली सरकवलं. खाली सरकवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तिथे बायकोचा शेरा होता: 'आमचे हे. डावा पाय मोठा. कबूल करत नाहीत.'

मेहुणी हसता हसता खुर्चीवरून घसरली. तिला उठवायला गेलो आणि मीही खाली बसलो. दीड महिन्यात पहिल्यांदा हसलो.

"अहो, तो आकडाच तर दुवा होता. यादीतला आकडा मापांच्या आकड्याशी जुळला की त्याच माणसाचं पान उघडतं. तुम्ही दोरीच कापलीत."

तिने रकाना परत आणला, दोन्हीकडचे आकडे जोडले. बाईंच्या नावावर टिचकी मारली तर एवढीशी पावलं निघाली. शुक्रवारी संध्याकाळी बूट दिले. बाईंनी तिथेच गिरकी घेतली आणि खिळ्यांचा डबा उडवला.

पुढच्या आठवड्यात बाकीच्या चौघांचेही झाले. चुकलेले जोड मी रोज एक घालतो.

यादीत दुसऱ्या ओळीवर तिचं नाव आहे. टिचकी मारली की आता तिचीच मापं उघडतात. उजवा बूट शिवायचा राहिला आहे.