सांध्यांची पुडी

"औषधं कुठली चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसलीच नाही," धर्माजी गुरुजी म्हणाले.

"बीपीची, साखरेची, अंगदुखीची?"

"इंग्रजी गोळीला ती शिवत नाही, डॉक्टरसाहेब. आमच्या घरातच येत नाही ती."

जुन्नरच्या त्या खासगी दवाखान्यात खाटेवर गुरुजींची बायको, लंकाबाई, डोळे मिटून पडली होती. नवरात्राचा उपास, उलट्या, खाली गेलेला रक्तदाब. अंगातलं पाणी कमी झालंय, सलाइननं उतार पडेल, असं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. गुरुजी स्टुलावर बसले. आपण काही लपवलं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मढच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजी सांध्यांची पुडी विकण्याकडे वळले होते. जुन्नरला एका लॉजच्या हॉलमध्ये कंपनीच्या माणसाची सभा झाली. तपकिरी, कडू चूर्ण, डब्यावर पानांचं चित्र, खाली 'संपूर्ण वनस्पतिजन्य' अशी अक्षरं. गुरुजींनी लगेच विश्वास ठेवला नाही. एक डबा घरी आणला आणि आधी लंकाबाईला दिला. भाताच्या आवणीत जन्मभर वाकून तिचे गुडघे गेले होते. भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढून हात न टेकता उठली. गुरुजींनी तिला पुन्हा बसायला सांगितलं आणि पुन्हा उठायला लावलं. ती पुन्हा उठली. गुरुजींच्या दृष्टीनं परीक्षा संपली.

मग गावात डबे गेले. गुरुजींनी दिलेलं म्हणून लोकांनी डब्यावरचं काही वाचलंही नाही. कुशाबाई शेजारची. तीही आठवड्याभरात पाटावरून धुणं घेऊन चालत आली.

"सुनंला सांगू नका राव," ती म्हणाली. "न्हाईतर पान्याला मलाच धाडंल."

उपकेंद्राची नर्स नूतन मूळची पिंपळवंडीची. पोलिओच्या फेरीला आली तेव्हा ओट्यावर बसलेल्या लंकाबाईकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"गुरुजी, काकूंचं तोंड बघितलं का? कसं वाटोळं झालंय."

"तेज आलंय."

"तेज न्हाई, सूज हाय. आन् हातावर हे काळेनिळे डाग?"

"भांडी घासताना लागतं की गं," लंकाबाई म्हणाली.

"झाडाची मुळी तीन दिवसांत दुखणं थांबवत न्हाई, गुरुजी. ह्याच्यात गोळी कुटून घातलेली आसंल. मला एक पुडी द्या, पुण्याला तपासायला धाडते."

गुरुजींना ते लागलं. "तुमच्या सरकारी गोळ्यांनी इतकी वर्षं काय केलं हिचं? माझ्या घरात मी रोज डोळ्यांनी बघतोय. पुण्याच्या माणसाला काय दिसणार आहे?"

नूतननं पिशवी उचलली आणि ती पुढच्या घरी गेली. पुडी तिला मिळाली नाही.

नवरात्रात मढच्या काही बायका कळमजाईच्या देवळात घटी बसतात. घट उठेपर्यंत घरी जायचं नाही, तिथंच राहायचं, उपासाचं तेवढं खायचं, औषधाला शिवायचं नाही. लंकाबाईची आई बसायची, सासू बसायची. हिला मात्र फरशीवर बसून राहणं गुडघ्यांमुळे कधी जमलं नव्हतं, आणि दर वर्षी बाकीच्या निघाल्या की ती दारात उभी राहून बघायची. यंदा तिनं स्वतःच वळकटी बांधली.

"अवं, पण पुडीचं काय करायचं? तिथं औषध चालत न्हाई."

गुरुजींनी जरा विचार केला. "राहू दे की. झाडपालाच आहे. घेतल्यानं काही अपाय होत नाही, तर सोडल्यानं काय होणार? दुखलं थोडं तर सोस."

कुशाबाईही बसणार होती; तिनं त्यांनाच विचारलं होतं. तिलाही त्यांनी तेच सांगितलं.

दोघी शेजारी शेजारी बसल्या. पहिले दोन दिवस गाण्यांत गेले. मग लंकाबाईला उभं राहवेना. हातपाय गळून गेल्यासारखे झाले, फराळ पोटात टिकेना. उपास बाधला, असं बायका म्हणाल्या. आज पहाटे ती आरतीला उठताना खाली कोसळली, बोलणं तुटक झालं, आणि कुणीतरी कुंकू आणलं. देवी अंगात येतेय असं समजून तिला बराच वेळ तसंच बसवून ठेवलं. गुरुजी आले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. लंकाबाईचा भाऊ गोरख याच्या ओळखीच्या जीपमधून तिला जुन्नरला आणलं.

दुपार झाली. दुसरी बाटली संपली तरी रक्तदाब चढला नाही. नूतन त्या दिवशी मीटिंगसाठी जुन्नरला आली होती. तिला बाजारात कळलं. ती आली, तिनं लंकाबाईचा हात उचलून उजेडात धरला आणि गुरुजींना विचारलं, "डॉक्टरांना पुडीचं सांगितलं का?"

"ते औषध नाही."

नूतन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी लंकाबाईचं तोंड, मान, हातावरची कागदासारखी कातडी पाहिली.

"किती महिने घेत होत्या?"

"होळीपासून."

"आणि बंद कधी केलं?"

"घट बसले तेव्हा."

डॉक्टरांनी इंजेक्शन मागवलं. ते देताना ते एकसुरी आवाजात बोलत होते. "स्टेरॉइड असणार. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. मग बाहेरचं एकदम तोडलं की दोन्ही नाही. उपासात, उलट्यांत तर शरीराला ते जास्तच लागतं. हे सकाळी कळायला हवं होतं."

गुरुजी म्हणाले, "मला विचारलं होतं तुम्ही."

इंजेक्शननंतर लंकाबाईनं एकदा डोळे उघडले. "घट उठलं का?" तिनं विचारलं. "नाही अजून," गुरुजी म्हणाले. उन्हं कलायच्या आत ती गेली.

गोरख भिंतीला डोकं टेकवून रडत होता. गुरुजी उभेच होते. नूतननं त्यांचा दंड धरला.

"गुरुजी, देवळात अजून कोण कोण आहे पुडी सोडलेलं?"

"कुशाबाई," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "कुशाबाई आहे."

डॉक्टरांनी सांगितलं, तिला लगेच इकडे आणा. वाटेत तग धरावा म्हणून निघायच्या आधी तीच पुडी पोटात जाऊ द्या. आणि गावात जे कुणी घेत असतील त्यांनी एकदम तोडायची नाही, दवाखान्यात यायचं. लंकाबाईला गोरखच्या हवाली करून गुरुजी नूतनबरोबर जीपमध्ये बसले. वाटेत ते म्हणाले, "म्हणजे मी आता घरोघरी जाऊन ती खा म्हणून सांगायचं."

"चांगली गोळी चालू होईस्तवर," नूतन म्हणाली.

घरी थांबून त्यांनी कोनाड्यातला डबा घेतला. देवळापुढं दिवाबत्तीची तयारी चालली होती. कुशाबाई खांबाजवळ कुशीवर पडून होती. तिलाही सकाळपासून मळमळत होतं. गुरुजी पायरीशी थांबले.

"लंकाबाई कशी हाय?" आतून प्रयागबाईनं विचारलं. घटी बसलेल्यांत तीच सगळ्यांत वडील होती.

"गेली."

बायकांनी तोंडाला पदर लावले. मग प्रयागबाई उठून दारात आली.

"गुरुजी, सुतक हाय तुमाला. आत येऊ नका."

"मला ठाऊक आहे. कुशाबाईला पुडी द्यायची आहे, आणि जुन्नरला न्यायचंय."

कुशाबाईनं कोपरावर भार देऊन मान उचलली. "लंकाबाई कशानं गेली, गुरुजी?"

"ह्या पुडीनंच."

"आन् मला तीच खा म्हनता?"

"एकदम सोडल्यानं गेली. सोड असं मीच सांगितलं होतं. तुलाही."

"मी देते," नूतन म्हणाली. "द्या इकडं डबा."

"तिच्या हातनं मी खायाची न्हाई," कुशाबाई म्हणाली. "व्रत मोडायचं तर ज्यानं सोडाय लावली त्यानं समोर येऊन सांगावं."

गुरुजींनी चपला काढल्या. प्रयागबाई दारातून हलली नाही, तेव्हा ते तिच्या बाजूनं अंग चोरून आत गेले. घटाकडे त्यांनी पाहिलं नाही. कुशाबाईपुढं मांडी घालून बसले, डब्याचं झाकण उघडलं आणि चूर्ण तिच्या तळहातावर घातलं. थोडं फरशीवर सांडलं.

"खा, कुशाबाई. माझ्यासाठी नको, पण खा."

मग तिनं तळहात तोंडाला लावला. नूतननं तांब्या पुढं केला.

दर्शनाला आलेल्या दोन बायकांनी तिला धरून जीपपर्यंत नेलं. मधल्या सीटवर तिला निजवलं. मागं जागा होती, पण सुतकातल्या गुरुजींना शिवायला नको म्हणून सोबत निघालेल्या बायका आखडून बसल्या. ते मागच्या फळीवर उभे राहिले, हातानं लोखंडी दांडी धरून. जीप वळण घेत होती तेव्हा त्यांना देवळाचं दार दिसलं. आत प्रयागबाई बादली घेऊन गुडघ्यांवर बसली होती आणि ते बसले होते तेवढी फरशी धूत होती.