दुधरामला कोणी धरत नाही

"सहा जणांच्या बनियनी फाटतात, सातव्याचीच काऊन फाटत नाही बापा!"

सुईत दोरा ओवता ओवता शामकला पुटपुटली. शेजारी पायाला तेल चोळत बसलेल्या नवऱ्याला ऐकू जावं, पण भांडायला निमित्त मिळू नये, इतपतच.

तिचा नवरा बिसराम गोंदियातल्या एका विडी कारखान्याच्या हुतूतू संघाचा कप्तान. संघ शेठनं पोसलेला. खेळाडूंना कारखान्यात काम आणि अंगावर शेठच्या निळ्या बनियनी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, मंडईत सामने व्हायचे. यंदा चार गावं जिंकून झाली होती. उद्या शेवटचा सामना. ढाल आणली तर बिसरामला मुकादमी, असा शेठचा शब्द होता.

"कोणाची फाटली नाही?" बिसरामनं मान वर न करता विचारलं.

"दुधरामची. आज त्याले म्हटलं, तुझीबी आण, टाके घालते. तर म्हणे, वहिनी, फाटलीच नाही. अवो, तो खेळते का मैदानाच्या कडेले बसते?"

"तो लय चपळ आहे. हाती लागत नाही."

"चपळ माणसाची बनियन तरी ओढते ना कोणी!"

बिसराम जोरानं तेल चोळू लागला. कारण त्यालाही ठाऊक होतं. दुधराम महारपुऱ्यातला. पहिल्याच सामन्यात तो चढाईला गेला आणि समोरचे सातजण भिंतीसारखे उभे राहायचे सोडून वाट दिल्यासारखे बाजूला झाले. मंडईच्या दिवशी विटाळ कोण घेतो! तो हात लांबवायचा, ते रेघेबाहेर पळायचे आणि बाद व्हायचे. पंचाची शिट्टी वाजली, गुण मिळाले. बिसरामच्या संघातल्या पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. त्यानंतर सामना अडला की कोणीतरी म्हणायचं, "दुधरामले पाठव, त्याचा पाय चांगला." बस्स, पाय चांगला. त्यापलीकडे कोणी काही बोललं नाही.

"तुमी समजून राहिले ना सगळं?" शामकलानं सुई खाली ठेवली. "त्यायले विटाळ वाटते, तुमाले गुण भेटते. यंदा सरकारनं विटाळ पाळाले बंदीचा कायदा केला म्हणते. कायद्याले काय म्हाईत, विटाळाचा असा फायदाबी घेता येते म्हणून!"

"तू कायले मधात पडतं? मुकादमी लागली तर तुलेच बरं."

"मी काय धुतल्या तांदळाची आहो? चार सामने झाले, मीबी त्याची बनियन मागतली नाही. आज मागतली, तर त्याच्या डोळ्यात पाणी आलं. कोणाले तोंड दाखवावं, सांगा!" तिनं दोरा दातानं तोडला, अन् तो इतक्या रागानं की बिसराम दचकला.

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती ही गर्दी! फुगेवाले, भजेवाले, झाडावर चढलेली पोरं. यजमान गावाचा संघ खरंच तगडा निघाला. अर्ध्या वेळेनंतर बिसरामचे तीन गडी बाद होऊन बसले.

"दुधरामले पाठव गा," गोवर्धन कानाशी लागला. गोवर्धन संघातला सगळ्यात धिप्पाड गडी. "त्याचा पाय चांगला."

बिसरामनं दुधरामकडे पाहिलं. दुधराम म्हणाला, "भाऊ, आज दुसऱ्याले पाठव ना."

बिसरामच्या डोळ्यांपुढे मुकादमी उभी होती. तो म्हणाला, "जा."

दुधरामनं मधल्या रेघेला हात लावून कपाळाला नेला आणि दम भरला. हुतूतूतूतू... समोरचे मागे सरकले. गर्दीतून कोणी ओरडलं, "वाट सोडा रे, येऊन राहिला!" हशा उसळला. दोघे रेघेबाहेर पळाले. तिसरा पळताना धोतरात पाय अडकून पडला, तर तोही हसतच उठला. परतायला वाट मोकळी होती. पाच पावलांवर गुण होते, ढाल होती.

आणि दुधराम थांबला. मैदानाच्या मधोमध त्यानं दम सोडला. तोंड मिटून घेतलं, हात पसरले.

"धरा मले!" तो ओरडला. "एकडाव तरी धरा! खेळाले आलो मी!"

कोणी पुढे आलं नाही. हशा मात्र विझला. पंच होते भैयाजी, पिकल्या मिशांचे, आजवर कोणाची बाजू न घेणारे. त्यांनी शिट्टी ओठाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"येडा झाला काय बे!" गोवर्धन किंचाळला. "फुकटचे गुण घालवून राहिला!"

फुकटचे! बिसरामच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. फुकट कसले? पाच सामने त्या माणसाच्या अंगावरून त्याची किंमत वसूल होत होती, आणि वसूल करणारे होते त्याचेच साथीदार! वाचकहो, वाळीत टाकणारा तर दोषी आहेच. पण त्या वाळीच्या आडोशानं आपलं घर भरणारा आपण कोणात धरायचा?

बिसराम रेघ ओलांडून गेला. दुधरामच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. दुधरामनं तो झटकला.

"आज कायले?" दुधराम म्हणाला. "एवढे दिवस कुठी होता?"

 बिसराम भैयाजींकडे वळला.

"भैयाजी, आमचे गुण पुसा. आजचे पुसा, अन् मागच्या चार गावचेबी. ढाल नाही पाहिजे."

"अगा, नियमानं भेटले ते," भैयाजी हळूच म्हणाले. "कारण काय लिहू?"

कारण! सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. भजेवाल्याला ठाऊक होतं, झाडावरच्या पोरांना ठाऊक होतं. गोवर्धन खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"लिहा," बिसराम म्हणाला, आणि त्याचा आवाज पार शेवटच्या माणसापर्यंत गेला. "दुधराम महार आहे म्हणून हे त्याले हात लावत नाही. अन् हे हात लावत नाही म्हणूनच आमी त्याले पाठवून राहिलो. यायनं एकडाव पाप केलं. आमी केलं पाच डाव, अन् वर म्हणत आलो, त्याचा पाय चांगला!"