बर्फाच्या पाण्यातला मलिदा

पाणी.

नळात नव्हतं. त्रेसष्ट सालचा जानेवारी, विलायतेतलं हॅरो. पाइप गोठलेले होते, आणि फ्लोराला ते बरंच वाटत होतं. कारण तिचा नवरा एफ्राईम डोळे उघडल्या उघडल्या म्हणाला होता, "आज मलिदा कर."

नवस.

फ्लोराचा. यहुदी प्रेषित एलियाहू हनाबीला बोललेला: नवरा बरा झाला तर आभाराचा मलिदा करीन. नवरा बरा झाला नव्हता. हॉस्पिटलने पोट उघडलं, पाहिलं, पुन्हा शिवलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. आता मलिदा करायचा म्हणजे मिळालं तेवढं पुरे, असं आपल्याच तोंडाने म्हणायचं. फ्लोराला अजून मागायचं होतं.

"कशाबद्दल मलिदा?"

"बाहेर बघ."

बाहेर बर्फ. कुंपण बुडालेलं, शेजाऱ्याची गाडी बुडालेली, आणि सगळ्यावर कोवळं पिवळं ऊन.

"हे मेलं रोजचंच आहे."

"मी रोजचा नाही ना."

ती पांघरूण नीट करत राहिली.

"प्रार्थनेला दहा माणसं कुठून आणू? सगळे घरात अडकलेत."

"एलियाहू येईल."

"मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने?"

"कोकणात येऊन गेला तो. त्याला हॅरो काय लांब?"

"पोहे भिजवायला थेंब नाही घरात."

एफ्राईमने खिडकीकडे पाहिलं. मग पांघरूण सारून पाय खाली सोडायला लागला. एक पाय निघाला. दुसरा निघेना.

"पडा तुम्ही. नाटकं नकोत." तिने पातेलं उचललं.

काच.

आत तो, बाहेर ती. बर्फ गुडघ्यापर्यंत, मऊ, पिंजलेल्या कापसासारखा. ती पातेलं भरत होती आणि तो उशीवरून बोटाने दाखवत होता: तिथला नको. वरचा घे. वरचा, वरचा.

मरायला टेकलाय आणि हुकूम सोडतोय.

तिने गोळा वळला आणि सरळ त्याच्या तोंडावर फेकला. काच मध्ये होती, तरी त्याने दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले. गोळा फुटून ओघळला. मागे एफ्राईम टाके दाबून हसत होता. फ्लोराही हसली. थंडीने दात ठणकले. दुसरा गोळा वळून तिने हात उगारला आणि

त्या क्षणी तिला काहीच मागायचं नव्हतं.

तिने तोही फेकला.

परत पाणी.

पातेलंभर बर्फाचं रॉकेलच्या स्टोव्हवर जेमतेम तळ झाकेल एवढं पाणी झालं. तिला पुन्हा बाहेर जावं लागलं. मग पोहे भिजले. साखर, सुक्या खोबऱ्याचा कीस, खजूर, एक सफरचंद. त्याने ब्राखाची प्रार्थना सुरू केली. मध्येच आवाज गेला. उरलेली तिने म्हटली.

पोहे त्याला गिळवेनात. तिच्या बोटावरची साखर तेवढी त्याने चाटली.

"गोड झालाय."

"झोपा आता."

मलिदा टाकायचा नसतो. फ्लोरा ताट घेऊन त्याच्या पायाशी बसली आणि सगळा एकटीने खाल्ला.