एका नंबरची गल्ली

गल्ली रुंद करण्याच्या आराखड्यावर हरकत नोंदवायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती, तीही फक्त ऑनलाइन. पन्नास हरकती आल्या तर सुनावणी. एक जरी कमी पडली, तर शिंप्याचं दुकान आणि मागचं घर रस्त्यात जमा.

दुपारी तीनला शिंपीण सह्यांचा गठ्ठा घेऊन कोपऱ्यावरच्या फॉर्मवाल्याकडे आली. पहिलीच हरकत साइटनं परत फेकली: या मोबाईल नंबरवर एकाहून अधिक खाती आहेत.

"किती आहेत?"

फॉर्मवाल्यानं चष्मा पुसला. "पन्नास. माझं धरून."

म्हणजे अख्खी गल्ली. दाखला असो, पेन्शन असो की नळजोडणी, खातं उघडताना या गृहस्थानं स्वतःचाच नंबर टाकलेला. लोकांच्या सोयीसाठी, असं तो म्हणे. सोय होतीच, कोणाची, हे गल्लीनं कधी विचारलं नाही. कोड त्याच्या फोनवर येणार म्हटल्यावर माणूस जातो कुठे?

"सगळ्यांचे नंबर बदला."

"एकेकाला दोन मिनिटं लागतात, वहिनी. शंभर मिनिटं झाली की."

"एकशेवीस आहेत. बसा."

शिंप्यानं शिलाई टाकून दारोदार हाका घातल्या. रांग लागली. जुन्या नंबरवर कोड, नव्यावर कोड, मग हरकत. फॉर्मवाला आपल्या फोनवरचे आकडे वाची, शिंपीण टाइप करी. बाराव्या खात्याला कोड चुकला. तेराव्यालाही.

"सात होता. मला एक दिसला."

विसाव्याला पुन्हा चुकला. घड्याळात चार वाजायला आले होते.

"त्याचं दुकान हमरस्त्यावर येणार," रांगेतले निवृत्त मास्तर म्हणाले. "नजर अधू व्हायचीच."

कोणी हसलं नाही. शिंपिणीनं हात पुढे केला. "फोन द्या, भाऊजी."

"खाजगी आहे तो."

"पन्नास जणांचा आहे. द्या."

त्यानं दिला. मग रांग पळायला लागली. पाचला चार मिनिटं असताना आकडा एकोणपन्नासवर आला. त्याच्या नंबरवर आता एकच खातं उरलं होतं, त्याचं स्वतःचं. शिंपिणीनं ते उघडलं, हरकत भरली. कोड तिच्याच हातातल्या फोनवर आला. तिनं तो टाकला आणि बोट बटणावर धरलं.

"बारा वर्षं आमच्या नावानं 'मान्य' तुम्हीच दाबत आलात," ती म्हणाली. "आता मी दाबू?"

त्यानं पुन्हा चष्मा पुसला.

तिनं बोट उचललं, कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "नको. उद्या म्हणाल, चोरून घेतलं."

स्क्रीनवर सेकंद उतरत होते. त्यानं दारातल्या माणसांवर नजर फिरवली. रुंद रस्त्यावर अनोळखी गिऱ्हाईक किती येईल, याचा हिशेब त्यानं महिनाभर केला होता. ओळखीचं किती जाईल, तो आता केला. यांच्यापैकी कोणालाही उद्यापासून त्याच्याकडे यायची सक्ती नव्हती. मास्तर तर टक लावूनच बघत होते.

त्यानं बटण दाबलं. पन्नास. एक मिनिट उरलं होतं.

शिंपी पहिल्यांदाच खाली बसला.

"सुनावणीच मिळालीय, रस्ता रद्द नाही झाला," फॉर्मवाला म्हणाला. आणि सवयीनं पुढे, "तारीख आली की कळवतो सगळ्यांना."

तेवढ्यात सुनावणीचा मेसेज येऊन दारातला एक फोन वाजला. मग दुसरा. मग मास्तरांचा.