शिंपीणबाईंचं पान

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात फोन घ्यायचं काम वहिनींकडे होतं. मालकाची भावजय, म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी. कारागीर दोन: दाढीवाले काका आणि त्यांच्या निम्म्या वयाचा लंबू. दोघं गिऱ्हाइकांची माहिती आपापल्या डोक्यात घेऊन फिरायचे. एक रजेवर गेला की दुसरा चाचपडायचा. म्हणून मालकाने एक सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. तिघांनी वाचायचं, तिघांनी लिहायचं, चुकलेलं कुणीही सुधारायचं.

“कुणीही म्हणजे?” काकांनी विचारलं. “मी लिहिलेलं हा खोडणार?”

“आधी मला ते वाचावं लागणार,” लंबू म्हणाला. “शिक्षा मलाच आहे.”

पहिली ठिणगी पडली शिंपीणबाईंच्या पानावर. बाई घरीच शिवायच्या, आणि त्यांचं मशीन मधूनच टाके सोडायचं. लंबू जाऊन आला. चिंधीवर शिवून पाहिलं, तर टाके मोत्यासारखे. त्याने लिहिलं, ‘मशीन ठणठणीत. बाईंना चालवता येत नाही.’ पुढच्या तक्रारीला काका गेले. त्यांनी वाकलेली सुई बदलली, लंबूची ओळ पुसली आणि लिहिलं, ‘बाईंचा हात पक्का आहे. सुई खराब होती.’ लंबूने ते पुसून आपलं परत लिहिलं. काकांनी तेही पुसलं. शेजारी शेजारी बसून दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलेनात; फोनवर अंगठे मात्र चालू.

वहिनींच्या कॉम्प्युटरवर ती ओळ उमटायची, गायब व्हायची. शेवटी त्या कडाडल्या, “अहो, ते बाईंचं पान आहे, तुमचा आखाडा नाही! कुणी कुणाचं पुसायचं नाही. डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच लिहा.”

दोघांनी तोंड वाकडं करून लिहिलं. लंबूने, ‘चिंधीवर शिवलं, टाका सुटला नाही.’ काकांनी, ‘सुई डावीकडे वाकली होती.’ वहिनींनी आपली भर घातली, ‘बाईंचा फोन येतो तो पडदे शिवायला घेतल्यावर. फ्रॉक शिवताना कधीच नाही.’

तिन्ही ओळी एकाखाली एक आल्या आणि लंबू ताडकन उठला. “काका, बाईंचं टेबल केवढंसं आहे! पडदा डावीकडून जमिनीपर्यंत लोंबत असणार. त्या ओझ्याने सुई ओढली जाते!”

काका दाढी खाजवत राहिले. “आणि चिंधीला कुठलं आलंय ओझं,” ते म्हणाले. “चल, गाडी काढ.”

बाईंच्या घरी काकांनी टेबलाच्या डाव्या अंगाला एक फळी जोडली, लंबूने तिला पाय लावले. बाईंनी जाड पडदा फळीवर पसरला आणि पायडल दाबलं. मशीन सुरू झालं आणि शिवण एका लयीत थेट कडेपर्यंत गेली. एकही टाका सुटला नाही.

“अगं बाई!” त्या हरखल्या. “मला वाटलं, माझेच डोळे गेले. काम सोडायला निघाले होते मी.”

लंबूचा चेहरा उतरला. “मावशी, मीही दुकानातल्या तुमच्या पानावर दोष तुमचाच, असं लिहिलं होतं. चुकलं माझं.”

“अरे लेकरा, मी स्वतःबद्दल तेच म्हणत होते, तर तुला काय बोलू?”

“मी तरी काय,” काका पुटपुटले. “सुई बदलली आणि मोकळा झालो. वाकली का, ते पाहिलंच नाही.”

बाईंनी दोघांना चहा दिला आणि दुसरा पडदा घेतला. लंबू उठून त्याचं टोक धरून उभा राहिला. परत जायची घाई कुणालाच नव्हती.